मतपत्रिका आली, पण राष्ट्राध्यक्षपदाचा रकानाच नव्हता

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मंडळींना नोव्हेंबरची निवडणूक फारशी जड जात नाही. घोळ होतो तो त्याच्या काही महिने आधी, प्रायमरीत. राष्ट्राध्यक्षपदासाठी आपला उमेदवार कोण, हे पक्ष राज्याराज्यांत मतदान घेऊन ठरवतात आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. न्यू जर्सीतल्या मावसभावाने सांगितलेलं कॅलिफोर्नियात लागू पडेलच असं नाही. मी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात, सांता क्लारा कौंटीतल्या (कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) सनीव्हेलमध्ये राहत असताना पहिल्यांदा यातून गेले. २०२८ ला दोन्ही पक्षांना नवा उमेदवार निवडायचा आहे, त्यामुळे ओळखीतल्या नव्या नागरिकांचे फोन आतापासून यायला लागलेत. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

सुरुवात नागरिकत्वापासूनच करायला हवी, कारण पहिला खड्डा तिथेच आहे. २०१९ च्या जानेवारीत मी एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरला. तेव्हा त्याचे ६४० डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५, असे मिळून ७२५ डॉलर लागले. (आता शुल्क बदललंय, भरण्याआधी बघून घ्या.) त्या अर्जात एक प्रश्न असतो: तुम्ही अमेरिकेत कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय का, कधी मत दिलंय का? ग्रीन कार्डवर असताना कोणी नाव नोंदवलं असेल, तर नागरिकत्वच काय, मुक्कामही धोक्यात येऊ शकतो. आणि हे चुकून घडू शकतं. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, अर्जातच मतदार नोंदणीचे प्रश्न येतात. रांगेत तास घालवल्यावर माणूस पुढच्या सगळ्या प्रश्नांना भराभर ‘हो’ म्हणत जातो. तेवढ्या पानावर थांबा, नागरिकत्वाचा प्रश्न दोनदा वाचा, मगच पुढे जा. नुकत्याच आलेल्या भाच्या-पुतण्यांना तर हे मुद्दाम बजावून सांगा.

मुलाखत ऑक्टोबरमध्ये झाली. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी पाठ करावी लागायची, त्यातले दहा विचारायचे आणि सहा बरोबर आले की झालं. शपथविधी नोव्हेंबरमध्ये, कॅम्पबेलच्या हेरिटेज थिएटरमध्ये. मी त्या दिवशी फार हलले होते. त्याच महिन्यात महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली होती, मग २३ तारखेला भल्या पहाटे राजभवनात शपथविधी झाला, तीन दिवसांत राजीनामा आला आणि २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकऱ्यांनी शपथ घेतली. आमच्या घरी रात्ररात्र मराठी बातम्या चालू असायच्या. ज्या राजकारणावर मी लहानपणापासून वाद घालत आले, तिथला माझा मताचा हक्क मी स्वतःच्या सहीने सोडला होता. भारतीय पासपोर्ट परत करायचा कागद भरताना पेन जरा वेळ तसंच धरून बसले होते. त्यामुळे इथे मत द्यायचं तर ते नीट समजून द्यायचं, असं मनाशी पक्कं झालं.

शपथविधी संपल्यावर दाराशी मतदार नोंदणीचे स्वयंसेवक टेबल मांडून उभे असतात. अर्ज एक पानी असतो, तिथल्या तिथे भरूनही देता येतो. मी तो पर्समध्ये टाकला आणि घरी आणला, कारण त्यात एक प्रश्न असा होता की उभ्या उभ्या उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती: तुमची पक्षाची पसंती कोणती?

आपल्याकडे मतदार यादीत नाव घालताना कोणी पक्ष विचारत नाही. विचारला तर पोटात गोळाच येईल. कॅलिफोर्नियात मात्र हा साधा सरकारी रकाना आहे. अमेरिकन इंडिपेंडंट, डेमोक्रॅटिक, ग्रीन, लिबर्टेरियन, पीस अँड फ्रीडम, रिपब्लिकन अशी नावं आणि शेवटी ‘नो पार्टी प्रेफरन्स’, म्हणजे कुठल्याच पक्षाला पसंती नाही. पक्षावर खूण केली म्हणून वर्गणी भरावी लागत नाही, सभांना जावं लागत नाही आणि नोव्हेंबरमध्ये त्याच पक्षाला मत द्यायचं बंधनही नसतं. परिणाम होतो तो प्रायमरीत तुमच्या हाती कोणती मतपत्रिका पडणार यावर. एवढी गोष्ट अर्जाच्या वेळी कोणी समोर बसून सांगितली, तर निम्मा गोंधळ संपेल.

मी महिनाभर वाचत होते, नवऱ्याशी बोलत होते. त्याचा स्वतःचा अर्ज तेव्हा अडकलेला होता, त्यामुळे त्याला त्या वर्षी प्रायमरीत मत नव्हतं आणि मला सल्ला द्यायला तो अगदी मोकळा होता. जानेवारीच्या मध्यावर मी ऑनलाइन नोंदणी केली. ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे, जन्मतारीख, पत्ता. पाच-सात मिनिटांचं काम, खर्च शून्य. पक्षाच्या जागी मी विचार करून ‘नो पार्टी प्रेफरन्स’ निवडलं. दोन्ही बाजूंचं ऐकायचं होतं आणि आल्या आल्या कोणाचा शिक्का नको होता. त्या काळात राज्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या मतदारांची नोंद अशीच होती.

सहीबद्दल एक सांगते. ऑनलाइन नोंदणीत तुमची सही डीएमव्हीकडून घेतली जाते. माझी सही मराठीत आहे, लायसन्सवरही तशीच. टपालाने मत पाठवताना पाकिटावर जी सही करता, ती या सहीशी ताडून बघतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांची लायसन्सवर एक सही, बँकेत दुसरी आणि घाईत तिसरी अशी स्थिती असते. पाकिटावर लायसन्ससारखीच करा. सही जुळली नाही तर मत परस्पर बाद करता येत नाही, २०१८ च्या कायद्याप्रमाणे आधी तुम्हाला कळवून दुरुस्तीची संधी द्यावी लागते. पण ते पत्र बिनकामाची टपालं समजून रद्दीत जाणार नाही, एवढं तुम्हीच बघायचं.

त्या वर्षी आमच्या कौंटीने मतदानाची पद्धतच बदलली होती. जुनी गल्लोगल्लीची केंद्रं जाऊन त्यांच्या जागी थोडी पण मोठी ‘व्होट सेंटर’ आली. कौंटीतल्या कुठल्याही सेंटरवर जाता येणार होतं, काही सेंटर २२ फेब्रुवारीपासून उघडी होती आणि प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका घरी येणार होती. मतदानाचा दिवस ३ मार्च, ‘सुपर ट्युसडे’, म्हणजे बऱ्याच राज्यांची प्रायमरी एकाच मंगळवारी. एरवी कॅलिफोर्नियाची पाळी जूनमध्ये यायची, तोवर उमेदवार ठरून गेलेला असायचा. २०२० साठी ती मार्चवर आणली होती, त्यामुळे आमच्या मताला चांगलंच वजन येणार होतं.

टपालाच्या मतपत्रिका ३ फेब्रुवारीपासून निघाल्या. माझं पाकीट त्याच आठवड्यात आलं. मुलीला शेजारी बसवून मी ते उघडलं, म्हटलं बघ, आईची पहिली मतपत्रिका. काँग्रेसचे, म्हणजे इथल्या संसदेचे, उमेदवार होते, न्यायाधीश होते, शाळांच्या बांधकामासाठी १५ अब्ज डॉलरचे रोखे काढायचा प्रस्ताव १३ होता. पान उलटलं. पुन्हा पुढे आले. राष्ट्राध्यक्षपद कुठेच नव्हतं. मुलीने विचारलं, “आई, ट्रम्प आणि बर्नी कुठे आहेत?” मला सांगता येईना.

कारण साधं होतं. नो पार्टी प्रेफरन्सवाल्यांनी आपणहोऊन मागितल्याशिवाय राष्ट्राध्यक्षपदाचा भाग असलेली मतपत्रिका त्यांना पाठवत नाहीत. मागणीसाठी कौंटी आधी एक पोस्टकार्ड पाठवते. कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी त्यावर खूण करून ते परत टाकायचं. ही कार्डं माझ्या नोंदणीच्या आधीच वाटून झाली असावीत, माझ्या हाती काही पडलं नाही. ज्यांच्या हाती पडलं त्यांच्यापैकीही कितीतरी जणांनी ते जाहिरातीच्या गठ्ठ्यात फेकलं. आमच्या ओळखीत एका घरात दोघांनी ती बिनराष्ट्राध्यक्षाची पत्रिका भरून, सही करून पाठवूनही दिली. ‘असंच असेल इथे’ असं वाटलं त्यांना. एकदा पाठवली की त्यांचं मत झालं, दुसरी मिळत नाही. दहा-पंधरा वर्षं या क्षणाची वाट बघितलेली ती माणसं. मला आजही त्याचं वाईट वाटतं आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

आणखी एक अडचण: मागितली तरी सगळ्या पक्षांची पत्रिका मिळत नाही. बाहेरच्या मतदारांना आत घ्यायचं की नाही हे प्रत्येक पक्ष ठरवतो. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक, लिबर्टेरियन आणि अमेरिकन इंडिपेंडंट या तिघांनी दार उघडं ठेवलं होतं. रिपब्लिकन, ग्रीन आणि पीस अँड फ्रीडम यांनी बंद. म्हणजे एखाद्या नो पार्टीवाल्याला रिपब्लिकन उमेदवाराला मत द्यायचं असेल, तर पक्षाची नोंद बदलून रिपब्लिकन व्हावंच लागणार.

मी कौंटीच्या रजिस्ट्रार ऑफ व्होटर्सच्या कार्यालयात फोन केला. थोडा वेळ संगीत ऐकावं लागलं, पण पलीकडच्या बाईंनी शांतपणे समजावलं. पर्याय दोन: २५ फेब्रुवारीपर्यंत मागणी केली तर बदली मतपत्रिका टपालाने येईल, किंवा आलेली कोरी पत्रिका पाकिटासकट घेऊन कुठल्याही व्होट सेंटरवर जायचं, ती परत करायची आणि तिथे ‘डेमोक्रॅटिक क्रॉसओव्हर बॅलट’, म्हणजे पक्षाबाहेरच्या मतदारासाठीची डेमोक्रॅटिक मतपत्रिका, मागायची. “हे तीन शब्द असेच्या असे म्हणा,” असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी ते फ्रिजवर लिहून चिकटवले.

मी सेंटरवर जायचं ठरवलं, कारण घाईने मत देण्यात दुसरा धोका होता. प्रायमरीतले उमेदवार शेवटपर्यंत टिकतीलच असं नसतं. कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅटिक पत्रिकेवर वीस नावं छापलेली होती. त्यातले कोरी बुकर आणि हुलियान कास्त्रो जानेवारीतच बाहेर पडले होते, अँड्रू यांगनी ११ फेब्रुवारीला माघार घेतली, तरी नावं तशीच. मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात बायडन मोठ्या फरकाने जिंकले आणि चित्रच पालटलं. त्याच रात्री टॉम स्टायर बाहेर. रविवारी, १ मार्चला पीट बुटिजज बाहेर. सोमवारी एमी क्लोबुशार बाहेर. माझी ऑफिसातली मैत्रीण बुटिजज यांच्यासाठी दारोदार फिरली होती आणि तिने पत्रिका आली त्याच आठवड्यात मत पाठवलं होतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती काही न बोलता बसून होती. कॅलिफोर्नियात त्यांना जवळपास अडीच लाख मतं पडली, त्यांचा पुढे काही उपयोग झाला नाही. नोव्हेंबरमध्ये मत लवकर पाठवा, बिनधास्त पाठवा. प्रायमरीत मात्र चुरस असेल तर शेवटच्या शनिवार-रविवारपर्यंत हात राखून ठेवा.

३ मार्चला मी ऑफिसातून लवकर निघाले. बरोबर शेजारचे काका होते. मूळचे कराडचे, एसटीतून निवृत्त होऊन लेकीकडे आलेले, काही वर्षांपूर्वी नागरिक झालेले. लेक कामानिमित्त बाहेरगावी गेलेली. तिने सकाळी फोन करून विचारलं, “बाबांना नेशील का गं? त्यांच्या पत्रिकेवर काहीतरी गडबड आहे.” मी गाडीतच त्यांचा कागद बघितला. काकांच्या पत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपद होतं, पण एकही ओळखीचं नाव नव्हतं. बायडन नाहीत, बर्नी सँडर्स नाहीत, ट्रम्पही नाहीत. वर पक्ष छापला होता: अमेरिकन इंडिपेंडंट.

“अगं, मी अपक्ष म्हणूनच खूण केली होती,” काका म्हणाले. “इंडिपेंडंट म्हणजे अपक्षच ना?”

ही फसगत फार जणांची होते. अमेरिकन इंडिपेंडंट हा वेगळा, खराखुरा पक्ष आहे. १९६८ मध्ये वंशभेदाचं उघड समर्थन करणारे जॉर्ज वॉलेस याच पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. कॅलिफोर्नियात या पक्षाच्या नावावर पाच लाखांहून जास्त मतदार नोंदलेले होते, राज्यातला तिसरा मोठा पक्ष, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण त्यात आहोत हेच माहीत नसायचं. काकांना मी वॉलेसबद्दल सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “हे आजच्या आज बदलायचं.” आणि ते बदलता येत होतं. नव्या कायद्याने सोय झाली होती की मतदानाच्या दिवशीसुद्धा सेंटरवर एक छोटा अर्ज भरून, सही करून पक्षाची नोंद बदलायची आणि लगेच नव्या पक्षाची नेहमीची पत्रिका घ्यायची.

सेंटरवर पोचलो तेव्हा साडेपाच होत आले होते. रांग इमारतीला वळसा घालून पार्किंगपर्यंत आली होती. प्रत्येकाची नोंद संगणकावर बघायची, नवी पत्रिका तिथल्या तिथे छापायची, शिवाय त्याच दिवशी नोंदणी करणारे वेगळे, त्यामुळे एकेकाला वेळ लागत होता. एक गोष्ट लक्षात ठेवा: केंद्र रात्री आठला बंद होतं, पण आठ वाजता जो रांगेत उभा आहे त्याला मत देऊ द्यावंच लागतं. कोणी काही म्हणालं तरी रांग सोडू नका. काकांच्या गुडघ्यांची मला काळजी होती. तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितल्यावर त्याने आतून खुर्ची आणून दिली, म्हणाला, हवं तर पत्रिका गाडीपाशी आणून देऊ, तशी सोय आहे. काकांनी साफ नकार दिला. “मी आत जाऊनच देणार,” म्हणाले. रांग सरकली की आम्ही खुर्ची पुढे सरकवत होतो. मागचा व्हिएतनामी तरुण आपणहोऊन खुर्ची उचलायला लागला. पाणी, काहीतरी खाणं आणि फोनचा चार्जर बरोबर ठेवा. माझ्याकडे डब्यातल्या दोन चकल्या उरल्या होत्या, त्या तिघांत वाटल्या.

वाट बघताना काका एसटीतल्या दिवसांतल्या निवडणुकांचं सांगत होते. तालुक्यातली सगळी माणसं एका उमेदवाराच्या मागे आणि शेवटच्या दिवशी एबी फॉर्म भलत्याच्याच हातात. “आपण झेंडे लावायचे, तिकीट मुंबई-दिल्लीत ठरायचं,” काका म्हणाले. “इथे तिकीट कोणाला द्यायचं तेच मला विचारतायत. म्हणून दुखले तर दुखू देत गुडघे.” मला हे त्यांच्याइतकं नीट कधी सांगता आलं नसतं.

आत शिरायला पावणेआठ झाले. टेबलावर हात निर्जंतुक करायची मोठी बाटली ठेवली होती. आमच्या कौंटीत कोविड पसरायला लागल्याच्या बातम्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, पण मास्क कोणाच्या तोंडावर नव्हता. मी नाव आणि पत्ता सांगितला. पर्समध्ये पासपोर्ट, लायसन्स, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, सगळं नेलं होतं, कोणी काहीच मागितलं नाही. कॅलिफोर्नियात सहसा ओळखपत्र लागत नाही. पहिल्यांदा मत देणाऱ्या काही जणांना मात्र विचारू शकतात, तेव्हा एखादं जवळ असलेलं बरं. पडद्यावर मराठीत सही केली. टेबलामागच्या मुलीने ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “सुंदर आहे.” मी कोरी पत्रिका परत दिली, तिने ती रद्द केली. मी फ्रिजवरचे तीन शब्द म्हटले. छपाईयंत्र घरघरलं आणि गरम कागद माझ्या हातात आला. यात राष्ट्राध्यक्षपद पहिल्याच पानावर होतं.

काकांचं शेजारच्या टेबलावर चाललं होतं. अर्ज भरून त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष निवडला. मतदारासोबत मदतीला कोणी थांबू शकतं, फक्त ती व्यक्ती त्याच्या नोकरीचा मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नको. मी आडोशात त्यांच्याजवळ उभी राहिले. हिंदीतली नमुना पत्रिका मागितली तर दाखवतात. ती फक्त समजून घ्यायला, खुणा खऱ्या पत्रिकेवरच करायच्या. काकांनी ती शेजारी ठेवून एकेक ओळ बोट ठेवून ताडली. लंबगोल भरताना तो रेषेबाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरलं होतं. एवढ्या काळजीने मी कोणाला कागदावर खूण करताना पाहिलं नाही. कोणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. माझंही मी सांगणार नाही.

नव्या मतदारांचं गाडं जिथे अडतं ते थोडक्यात सांगते. एकाच कागदावर दोन प्रकारच्या प्रायमरी असतात. राष्ट्राध्यक्षपदासाठी एका पक्षाचेच उमेदवार दिसतात, पण काँग्रेस आणि राज्य विधिमंडळासाठी सगळ्या पक्षांचे एकत्र, आणि त्यातले पहिले दोघे नोव्हेंबरला समोरासमोर येतात, मग ते एकाच पक्षाचे असले तरी. आमच्या १७ व्या मतदारसंघात रो खन्ना आणि त्यांचे रिपब्लिकन विरोधक एकाच रकान्यात होते. हे बघून दोन पक्षांची सरमिसळ झाली, कागद चुकीचा आला, असं वाटतं. तसं काही नसतं. पक्षाच्या कौंटी समितीची निवडणूक असली तर ती फक्त नोंदणीकृत सदस्यांना, माझ्यासारख्या क्रॉसओव्हरवाल्यांना नाही. आणि सगळे रकाने भरायचं बंधन नाही. ज्या न्यायाधीशांबद्दल काहीच ठाऊक नाही ती जागा कोरी सोडली तरी बाकीचं मत मोजलं जातं.

घरी आलो तेव्हा टीव्हीवर आकडे सुरू झाले होते. पण कॅलिफोर्नियाची मोजणी आठवडे चालते, कारण तेव्हाच्या नियमाने ३ मार्चचा शिक्का असलेलं टपाल पुढच्या तीन दिवसांत पोचलं तरी चालत होतं आणि प्रत्येक सही तपासायची असते. उशीर म्हणजे काहीतरी काळंबेरं, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं त्याकडे लक्ष देऊ नका. अखेर सँडर्स यांना ३६ टक्के आणि बायडन यांना जवळपास २८ टक्के मतं पडली. राज्याचे ४१५ प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारी माणसं, या मतांवर वाटले गेले: सँडर्स २२५, बायडन १७२, एलिझाबेथ वॉरन ११, मायकेल ब्लूमबर्ग ७. वॉरन यांना राज्यभरात १३ टक्क्यांच्या वर मतं होती, तरी एवढेच प्रतिनिधी, कारण डेमोक्रॅटिक नियमाप्रमाणे वाटा मिळायला किमान १५ टक्के लागतात. राज्याच्या एकूण आकड्यात त्या खाली राहिल्या, पण काही काँग्रेस मतदारसंघांत त्यांनी १५ ची रेषा ओलांडली आणि ते ११ प्रतिनिधी तिथून आले. त्यामुळे ‘माझा उमेदवार राज्यात जिंकणार नाही, मग कशाला जा’ हा हिशोब इथे चुकतो. तुमच्या मतदारसंघात तो १५ च्या आसपास असेल तर तुमच्या मताला भलतीच किंमत येते. रिपब्लिकन पक्षाचा नियम निराळा होता: निम्म्याहून जास्त मतं मिळवणाऱ्याला राज्यातले सगळे, म्हणजे १७२ प्रतिनिधी.

दोन आठवड्यांत, १७ मार्चपासून, आमच्या भागात सगळ्यांना घरात बसायचा आदेश लागू झाला. काकांच्या लेकीने नंतर म्हटलं, निवडणूक आणखी थोडी उशिरा असती तर बाबांना पाठवलंच नसतं.

त्यानंतर काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत. कॅलिफोर्नियात आता प्रत्येक नोंदणीकृत सक्रिय मतदाराला मतपत्रिका कायमची घरपोच येते, परतीच्या पाकिटाला तिकीट लावावं लागत नाही आणि वेळेत शिक्का पडलेलं टपाल पोचायला सात दिवसांची मुदत असते, निदान मी हे लिहितेय तोवर. पक्षांचा नियम मात्र तोच राहिला. २०२४ च्या मार्चमध्येही नो पार्टीवाल्यांना राष्ट्राध्यक्षपदाची पत्रिका मागूनच घ्यावी लागली आणि रिपब्लिकन प्रायमरी बंदच होती.

म्हणून २०२८ च्या आधी, डिसेंबर-जानेवारीतच, राज्याच्या ‘माय व्होटर स्टेटस’ या पानावर जाऊन आपल्या नावापुढे कोणता पक्ष लिहिलाय ते बघा. घरातल्या ज्येष्ठांचंही बघा, आणि तिथे ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ दिसलं तर त्यांना विचारा की हे खरंच हवंय का. नवी नोंदणी मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत करता येते. ती मुदत हुकली तरी सेंटरवर जाऊन त्याच दिवशी नोंदणी करून मत देता येतं, फक्त ते पडताळणीनंतर मोजलं जातं. नो पार्टी प्रेफरन्सवर असाल तर पोस्टकार्डाची वाट बघत बसू नका, कौंटीला स्वतः फोन करा. आणि काही अडलं तर खाली लिहा. मला माहीत असेल ते सांगेन, नाहीतर कोणत्या कार्यालयात विचारायचं ते तरी शोधून देईन.